उडन भैयाची उलटी छलांग

हे कोणी मानणार नाही. कोहमाऱ्याच्या ढाब्यावरचा चहावाला ट्रकवाल्यांच्या सगळ्या बाता मानतो, पण हे तोही मानणार नाही. नका मानू. धान काय कोणी मानल्यानं पिकतो? बोडीटोल्याच्या तेरा वर्षांच्या पोरीनं, वीस लाख लोक ज्याच्या मागं धावतात अशा गड्याला भर दुपारी, भर चौकात, चालत्या माइकवरून खाली उतरवलं. हात न लावता. आणि कोणाच्या जोरावर, तर लाल लुगड्यातल्या एका बाईच्या, जिचं नाव आजपर्यंत कोणाला माहीत नाही.

आधी कायदा सांगितला पाहिजे. बोडीटोल्यात बिसरामच्या गोष्टींना एक कायदा आहे. ऐकताना कोणाला खोटं सापडलं आणि त्यानं ते मोठ्यानं बोलून दाखवलं, की गोष्ट तिथंच थांबते. राजा घोड्यावर अर्धा चढलेला असला तर अर्धाच राहतो. पकडणाऱ्याला मूठभर फुटाणे. मनातल्या मनात पकडलं तर काही नाही. तोंड उघडावं लागतं, तेही सगळ्यांसमोर.

बिसराम म्हणजे नूतनचा आजोबा. वय चौऱ्याहत्तर, दात अकरा, आणि गोष्टी किती ते देवाला ठाऊक. नूतननं पहिली मूठ जिंकली तेव्हा ती सहा वर्षांची होती. बिसराम सांगत होता, इटियाडोहात त्यानं एवढा मोठा मासा धरला की तो बाहेर ओढताच धरणाचं पाणी हातभर खाली गेलं. खालच्या गावांचे धान वाळायला लागले, तेव्हा माशाच्या नावानं सरकारी नोटीस निघाली: तीन दिवसांत धरणात हजर व्हा. सगळी पोट्टी आ करून बसली होती.

"आबाजी, खोटं," नूतन म्हणाली.

"काऊन वं?"

"तीन दिवस मासा पाण्याबाहेर जिता कसा राहिला?"

घ्या. मासा चालला, पाणी चाललं, नोटीसही चालली. अडकलं ते तीन दिवसांत. त्या दिवसापासून बिसराम गोष्ट रचताना आधी नूतनला भ्यायचा आणि मग देवाला.

पण तेराव्या वर्षी तिचं बिसरामकडं येणं बंद झालं. सगळ्यांचंच झालं. गावात उडन भैया आला होता. स्वतः नाही, मोबाइलमध्ये. सोनेरी केस, हातात काळे पट्टे, धावत्या बैलगाडीवरून उडी, पाण्याच्या टाकीवरून उडी, आणि प्रत्येक उडीआधी एकच आरोळी: "पीछे मत देखो, बस उडो!" पोट्टे शाळेत जाताना शेताच्या धुऱ्यावरून उड्या मारायचे, जेवायला बसताना उडी मारून बसायचे. एका पोरानं केस सोनेरी करायला डोक्याला हळद लावली, तर आठवडाभर लोक त्याला विचारत होते, लग्न कुठं आहे.

बिसराम ओट्यावर फुटाण्यांची पुरचुंडी घेऊन बसायचा, आणि पोट्ट्यांच्या मोबाइलकडं लांबूनच बघायचा. फुटाणे मऊ पडले.

नूतनला त्या गड्याचे केस नको होते, पट्टेही नको होते. तिला त्याची बोली हवी होती. हिवाळ्यात शाळेच्या मैदानावर तिनं लांब उडीत वर्गातल्या विक्कीला वीतभरानं मागं टाकलं होतं. तालुक्याला मात्र विक्की गेला, कारण पोरीसोबत जायला कोणी बाई नव्हत्या. घरी येऊन रडली तर तिची माय नंदाबाई म्हणाली, "पोरीच्या जातीले उड्या कायले पाहिजेत वं?" आणि त्याच संध्याकाळी मोबाइलमधून एक माणूस बोट रोखून म्हणाला, "जो बोले तुझसे नहीं होगा, उसको करके दिखा!" तेरा वर्षांत तिला असं कोणी बोललं नव्हतं. घरी नाही, शाळेत नाही. आता असा माणूस तिनं उरात धरून ठेवला, तर तिचं काय चुकलं?

त्या गड्याची सगळ्यात नावाजलेली उडी म्हणजे उलटी छलांग. नहराचं, म्हणजे कालव्याचं, गेट. आपल्या गावच्या गेटासारखंच: अलीकडं मातीचा बसका काठ, पलीकडं छातीभर उंच दगडी भिंत, मधून पाणी. भैया अलीकडच्या काठावर उभा. पाठ पाण्याकडं, तोंड तुमच्याकडं. हसतो, गुडघे वाकवतो, आणि सटकन पाठमोरा उडून, न बघता, पाण्यावरून थेट त्या उंच भिंतीवर! असा उतरतो की पायाखाली धूळही हलत नाही.

फेब्रुवारीत, उन्हाळी धानाची रोवणी चालू असताना, भैयानं जाहीर केलं की तो रविवारी दुपारी कोहमाऱ्याला येणार. जो कोणी उलटी छलांग मारल्याचा व्हिडिओ आणेल, तो भैयाच्या शेजारी उभा राहील, माइकवर बोलेल.

"शनिवारी सकाळी नहराच्या गेटवर," विक्कीनं गावभर सांगितलं. "अकरा जण आहोत. पोरींचं काम नाही."

"बारा," नूतन म्हणाली. "आन पहिली मी."

तयारी तिनं धानाच्या तणसाच्या ढिगाऱ्यावर केली. पाठ करून उडायचं, ढिगाऱ्यात पडायचं, केसांतून तणीस काढत पुन्हा उभं राहायचं. नंदाबाईला कळलं तेव्हा ती विळा हातात घेऊनच आली. "नहराकडं गेली तर तंगडं तोडून हातात देईन!" नूतननं ऐकून घेतलं आणि पुन्हा ढिगाऱ्यावर चढली. जिला कोणी कशातच घेत नाही, तिला तंगड्याची काय भीती.

आता त्याच आठवड्यात, गुरुवारी, बिसरामला रानडुकरानं धडक दिली. नहराच्या रस्त्यानं येताना डुक्कर बाजूनं आलं, बिसराम पाण्यात, गेटची सळई धरली म्हणून वाचला. घोटा सुजून भोपळा. डुक्कर जाताना त्याची एक चप्पल तोंडात धरून जंगलात गेलं. नंदाबाईनं हळद-चुना लावला. एरवी नूतननं त्या डुकराची पार वंशावळ विचारली असती, पण तिचं ध्यान मोबाइलमध्ये होतं. कोणी ऐकतच नसलं तर खरं काय न् खोटं काय.

संध्याकाळी सुजलेला पाय उशीवर ठेवून बिसराम म्हणाला, "दाखव बाई तुहा भैया."

तिनं दाखवलं. त्यानं तीनदा पाहिलं.

"मस्त लबाड गडी आहे," तो म्हणाला. "माह्या पंगतीतला."

"आबाजी, डोळ्यांनं दिसून राहिलं ना!"

"मंग तुले माह्या माशातलं खोटं कसं सापडलं होतं? माशाकडं पाहून का?"

"नाही. तीन दिवसांकडं पाहून."

"हं. सारे माशाकडं पाहत होते. खोटं बोलणारा माणूस माशाले लय घासूनपुसून ठेवते वं. कोपरा झाडायचा राहून जाते त्याचा."

"तू जळून राहिला त्याच्यावर," नूतन म्हणाली आणि उठून गेली. खरंच बोलली. पण जळणाऱ्यालाही दिसतंच की.

शनिवार उजाडला. नंदाबाईच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, दोन बाया कमी पडल्या, आणि तिनं नूतनचा दंड धरून तिला चिखलात उभं केलं. "आठ वाजेपर्यंत लाव. मंग कुठं उडायचं तिथं उड, म्हणजे मी तंगडं मोडाले मोकळी."

डाव्या हातात रोपांची पेंडी, उजव्या हातानं दोन-दोन काड्या चिखलात खोवायच्या, आणि एक पाऊल मागं. पुन्हा खोवायच्या, पुन्हा मागं. ज्यानं कधी रोवणी केली नाही त्याला हे समजावून सांगावं लागतं. झाडीपट्टीतल्या पोरीला ते चालण्याइतकंच येतं. लावत जाणारी बाई मागं मागंच सरकते. पुढं सरकली तर स्वतः लावलेलंच तुडवील. तिच्यासमोर हिरवं वाढत जातं आणि पाठीमागं नुसता चिखल असतो.

नूतनच्या मनात छलांग चालली होती. गुडघे वाकवायचे, हात मागं, पाठ... आणि तिचं पाऊल चिखलात तसंच राहिलं.

कोपरा.

त्या व्हिडिओच्या डाव्या कोपऱ्यात, भैयाच्या खांद्यापलीकडं, एक बांधी होती. त्यात लाल लुगड्यातली एक बाई रोवणी करत होती. दोनशे वेळा पाहिलं असेल नूतननं, त्या बाईला एकदाही नाही. पण डोळ्यांनी तिला कुठंतरी ठेवून घेतलं होतं. ती बाई वाकून चालली होती. पुढं.

नूतन पेंडी टाकून धुऱ्यावर पळाली. चिखलाच्या बोटांनी व्हिडिओ लावला. बाई पुढं पाऊल टाकते. हिरव्या रोपांवर हात नेते. हात वर येतो तर रोपं हातात, आणि खाली मोकळा चिखल. पुन्हा पुढं. पुन्हा हातात रोपं. पेंडी जाड होत जाते.

"माय!" नूतन ओरडली. "रोवणीत पेंडी जाड होते का वं, का बारीक?"

"येडी झाली का? लावत गेलं का सरत जाते ना पेंडी!"

नहरापर्यंत ती कशी पळाली ते तिच्या पायांना विचारा. गेटवर अकरा जण रांगेत उभे. विक्की सगळ्यात पुढं, पाठ पाण्याकडं, गुडघे वाकवून. पाणी भरून चाललं होतं, काठोकाठ.

"थांब बे विक्की! खोटं आहे!"

"आली बे, डरपोक आली," विक्की म्हणाला. "डरली तर घरी जाय ना. बाकीच्यांले कायले अडवते?"

"डरली म्हण. दहादा म्हण. पण आधी हे पाह."

"दोनशे वेळा पाहिलं."

"भैयाले नको पाहू. मागच्या बाईले पाह."

अकरा डोकी मोबाइलवर वाकली. सगळी रोवणीच्या घरची. मग विक्कीची सात वर्षांची बहीण टीना, जी फुकटची भावामागं आली होती, खळखळून हसली. "हे बाई तं उपटून राहिली! मालकीण मारंल ना इले!"

आणि मग एकदम सगळ्यांना दिसलं. भैया काठावरून भिंतीवर गेलाच नव्हता. तो भिंतीवरून खाली काठावर उतरला होता, साधी उडी, कोणीही मारील अशी. नंतर सारा व्हिडिओ उलटा चालवला. उडी उलटली, पाणी उलटलं, आणि ती बिचारी लाल लुगड्यातली बाईही उलटली. तिनं दिवसभर लावलेलं त्यानं एका बोटानं उपटून टाकलं.

विक्की पाण्याकडं बघत काठावरून बाजूला झाला. मग म्हणाला, "खाली लिहून टाकू. कमेंट."

"तो पुसून टाकंल," नूतन म्हणाली. "तोंडानं बोलावं लागते. सगळ्यांसमोर."

"माइक कोण देईल तुले?"

"तोच देईल."

नूतन सगळ्यांना घेऊन बांधीवर आली. नहरावर जायची कोणालाच गरज नव्हती. बांधीला पाणी नेणारा हातभर रुंदीचा पाट पुरला. नूतन पाटाच्या दगडावर चढली आणि खाली उडी मारली. मागं नंदाबाई रोवणी करत होती, तिला सांगितलंही नाही. विक्कीनं मोबाइल पार जमिनीला टेकवून व्हिडिओ घेतला, म्हणजे पाट नहराएवढा दिसला. मग एक बटन दाबलं. नूतन पाठमोरी उडून दगडावर, आणि नंदाबाई भराभर रोपं उपटत पुढं.

नंदाबाईनं ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "माय वं! लोक काय म्हणतीन मले?" मग आणखी एकदा पाहिलं. मग पदर खोचला. "कोहमाऱ्याले मी बी येतो."

रविवारी काळीपिवळी जीपमध्ये नऊ जणांच्या जागेत एकोणीस बसले. बिसराम पुढं, पाय खिडकीबाहेर. कोहमाऱ्याच्या चौकात एवढी गर्दी की रायपूरकडं जाणारे ट्रक थांबून हॉर्न वाजवायचंही विसरले. ढाब्यासमोर ट्रॅक्टरची ट्रॉली, तिच्यावर भैया. मोबाइलमध्ये होता त्याच्यापेक्षा लहानच निघाला. सोनेरी केसांच्या मुळाशी काळे दिसत होते.

विक्कीनं व्हिडिओ पुढं केला. भैयानं पाहिला, आणि क्षणभर, अगदी क्षणभर, त्याचा चेहरा उपटलेल्या रोपासारखा झाला. पण समोर हजार मोबाइल वर धरलेले. तो हसला, आणि त्यानं नूतनचा हात धरून तिला ट्रॉलीवर घेतलं.

"देखो! गाँव की लडकी! बोलो बेटा, ये छलांग असली है ना?"

माइक तिच्या तोंडापाशी आला. नूतननं तो दोन्ही हातांनी गच्च धरला. हे खोटं नाही, सगळ्यांनी पाहिलं.

"तुमीच सांगा ना भैया. असली आहे का?"

"एकदम असली! सौ टका!"

"तुमच्यासारखीच?"

"मेरे जैसी!"

"मंग भैया," नूतन म्हणाली, "माही माय मागं रोवणी करून राहिली, का रोवलेलं उपटून राहिली?"

भैयाला प्रश्नच कळला नाही. गर्दीला कळला. गर्दी धानाच्या गावांची होती. आधी पुढच्या रांगेत कोणीतरी फुसकन हसलं. मग मोबाइलवर माना वाकल्या, आणि प्रत्येकानं भैयाची जुनी छलांग काढून कोपऱ्यातल्या लाल लुगड्याकडं पाहिलं. नंदाबाई गर्दीतून गरजली, "वीस वर्षं झाली मले रोवणी करता! एक काडी नाही उपटली मी! हा कोण माही रोवणी उलटी करणारा?"

"बच्ची डर गई है," भैया म्हणाला. "किसी ने सिखाया है इसको." आणि त्यानं माइक ओढून घेतला.

नूतनला माइक नकोच होता. बिसरामच्या ओट्यावर माइक कुठं असतो? "बारा जण काल नहरावर होते!" ती उघड्या गळ्यानं ओरडली. "पाणी भरून होतं! तुमीच म्हणले, पीछे मत देखो. आमी नसतं पाहिलं तर विक्की गेला असता! ही ट्रॉली छातीभर उंच आहे. खाली पाणी नाही, काही नाही. उतरा, आन पाठमोरे उडून चढा. मी आत्ता तुमच्या पाया पडतो."

"उडो! उडो!" गर्दी ओरडली.

भैया ट्रॉलीवरून खाली उतरला. शिडीनं. त्याचा गुडघा दुखत होता म्हणे.

आणि मग कोहमाऱ्यानं जे पाहिलं ते कोणी पाहिलं नसेल. चौकातली सगळी पोट्टी, हजार तरी असतील, वाकली. रोवणीत वाकतात तशी. आणि त्याच्याकडं तोंड करून एक-एक पाऊल मागं, एक-एक पाऊल मागं, हसत हसत त्याच्यापासून दूर निघाली. काही जण तसेच पार शेजारच्या सडक-अर्जुनी गावापर्यंत गेले. ट्रकवाल्यांनाही राहवलं नाही, त्यांनी ट्रक रिव्हर्समध्ये टाकले. मध्ये मोकळा चौक, आणि त्यात एकटा भैया.

पुढच्या वर्षी तालुक्याला लांब उडीला नूतन जाणार. सोबत बाई नसल्या तर नंदाबाई जाणार, असं ती स्वतः शाळेत जाऊन टेबलावर हात आपटून सांगून आली. आणि ओट्यावर पुन्हा गर्दी होते. आता पोट्टी कोपऱ्यांकडं बघत ऐकतात, म्हणून बिसरामला गोष्टी फार झाडूनपुसून सांगाव्या लागतात.

बाकी बिसरामचं म्हणाल, तर त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यानं व्हिडिओ पाहिला आणि तिथंच ओळखलं की हे सगळं उलटं आहे. असल्या कालच्या पोरानं बिसरामला फसवावं? पाण्यात पडला तो डुकरामुळं, नाहीतर त्या नहराच्या भिंतीकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नसतं, आणि त्या गुरुवारी तर तो त्या गेटजवळ—

"थांब आबाजी. खोटं."

"काऊन वं?"

"हे पाह. तुहीच आहे ना चप्पल? नहराचं पाणी बंद झालं म्हणून काल मी आन विक्की गेटपाशी गेलो. भिंतीच्या बुडाशी गाळात रुतून होती. टाच भिंतीकडं, अंगठा काठाकडं. डुक्कर चप्पल जंगलात नेईल, का पाठमोरी उडी मारून भिंतीखाली रोवंल? तू उडून पाहिली होती, आबाजी. माह्या आधी. काढ फुटाणे."